बीअर, द्राक्षं आणि कोळसा

१८५२ साली लंडनमधल्या बीअर पिणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. पॅरिसहून बातमी आली होती की तिथे स्ट्रिकनीन मोठ्या प्रमाणावर तयार होतंय आणि ते सगळं इंग्लंडला जातंय; कशाला, तर कडू बीअर आणखी कडू करायला. हॉप्सची फुलं महाग, स्ट्रिकनीन मात्र चिमूटभर पुरतं. बातमीला वजन होतं, कारण ती आन्सेल्म पायेन या नामांकित फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर फिरत होती. डायास्टेज हे एन्झाइम आणि सेल्युलोज ज्याने जगाला दिलं तो हा पायेन.

बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या ऑलसॉप कंपनीचं धाबं दणाणलं. फिकट रंगाच्या कडवट ‘पेल एल’वर तिचा धंदा उभा होता आणि त्यातला बराच भाग हिंदुस्थानातल्या साहेबलोकांच्या घशाखाली जात असे. गंमत अशी, की ज्या विषाचा संशय होता तेही आपल्याकडचंच. काजऱ्याच्या बियांत, म्हणजे वैद्यांच्या कुचल्यात, स्ट्रिकनीन असतं. कोकणात काजऱ्याची झाडं कुणाला नवीन नाहीत. बिया इकडून तिकडे जायच्या आणि बीअर तिकडून इकडे यायची.

कंपनीने दोन मोठी माणसं गाठली: थॉमस ग्रॅहम आणि ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन. ग्रॅहमचा वायूंच्या विसरणाचा नियम आपण बारावीत पाठ केलेला असतो. हॉफमन पुढे रंगांच्या रसायनशास्त्रात फार मोठा झाला. दोघांपुढचा प्रश्न ऐकायला सोपा होता: या बीअरमध्ये स्ट्रिकनीन आहे का?

स्ट्रिकनीनची चाचणी त्या काळी माहीत होती. सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम बायक्रोमेट घातलं की सुंदर जांभळा रंग येतो. पण बीअरमध्ये साखर, प्रथिनं, हॉप्सचा अर्क, रंगद्रव्यं असं शंभर भानगडींचं मिश्रण असतं. त्यात थेट आम्ल ओतलं तर काळाकुट्ट लगदा होईल, जांभळं काही दिसणार नाही. विष आधी त्या गर्दीतून वेगळं काढायला हवं.

त्यांनी ते कोळशाने काढलं. अर्धा गॅलन, म्हणजे सव्वादोन लिटरच्या आसपास द्रव घेतला. त्यात दोन औंस हाडांचा कोळसा घालून हलवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी गाळून घेतलं. द्रवाचा कडूपणा जवळजवळ गेला होता. मग तो कोळसा अर्धा तास अल्कोहोलमध्ये उकळला, अल्कोहोल उडवून लावलं, उरलेल्यात पोटॅश घालून ईथरने अर्क काढला आणि त्या ईथरच्या तळाशी जे उरलं त्यावर जांभळ्या रंगाची चाचणी केली.

कंपनीच्या बीअरमध्ये स्ट्रिकनीन सापडलं नाही. शिवाय त्यांनी हिशेब मांडून दाखवला, की बर्टनची सगळी बीअर अशी कडू करायची तर लागेल तेवढं स्ट्रिकनीन जगात बनतच नाही. कंपनीने अर्थातच हा अहवाल मिरवला.

आता इथे कुणीही शहाणा माणूस विचारेल: पैसे कंपनीने दिले, निष्कर्ष कंपनीच्या बाजूचा निघाला, मग विश्वास का ठेवायचा? मला या जुन्या कागदाबद्दल आदर वाटतो तो याच्या उत्तरामुळे. ग्रॅहम आणि हॉफमन यांनी आधी स्वतःच अर्ध्या गॅलन द्रवात अर्धा ग्रेन, म्हणजे साधारण ३२ मिलिग्रॅम स्ट्रिकनीन मिसळलं होतं. कोळसा ते धरतो का, धरलेलं अल्कोहोलमध्ये सोडतो का आणि सोडलेलं जांभळं दिसतं का, हे त्यांनी तपासलं. ते दिसलं. म्हणून मग कंपनीच्या पिंपातल्या बीअरबद्दल ‘सापडलं नाही’ म्हणायचा त्यांना अधिकार आला.

आजच्या कीडनाशक-अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत याच गोष्टीला रिकव्हरी म्हणतात. स्वच्छ नमुन्यात माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम घालायचं, सगळी प्रक्रिया करायची आणि शेवटी किती परत मिळालं ते पाहायचं. युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरासरी ७० ते १२० टक्क्यांच्या मध्ये परत मिळालं तर पद्धत चालते. ‘नाही’ या शब्दाची किंमत त्या टक्केवारीत असते.

माझा रसायनशास्त्राशी संबंध इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी संपला. मी सॉफ्टवेअर लिहितो. पण गेली काही वर्षं आमच्या टीमचं काम अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आहे: यंत्रातून आकडे घ्यायचे, तक्ते भरायचे, रिपोर्टची पीडीएफ काढायची. त्या तक्त्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘बीएलक्यू’. अर्थ असा, की मोजता येईल अशा किमान मर्यादेखाली. एका मीटिंगमध्ये यावर तास गेला. डेटाबेसमध्ये तिथे शून्य साठवायचं की नल? आलेख काढणाऱ्यांना शून्य हवं होतं, कारण नलमुळे त्यांच्या रेषा तुटत होत्या. प्रयोगशाळेतल्या बाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, “शून्य म्हणजे नाही. हे ‘नाही’ नाहीये. हे ‘आम्हाला दिसलं नाही’ आहे.” शेवटी आम्ही तिसराच कॉलम केला. पण तेव्हापासून मला या ‘दिसलं नाही’चा इतिहास शोधायचा नाद लागला, आणि दर दोन पानांआड कोळसा भेटत गेला.

कोळशाची आपल्याला माहीत असलेली कामगिरी काढून टाकण्याची आहे. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गच्या औषधशाळेत योहान टोबियास लोविट्झ टार्टरिक आम्लाचे स्फटिक करत होता. ते दरवेळी तपकिरी यायचे. कोळशाची पूड घातली तर रंग गेला. पुढे साखर कारखानदारांनी हा गुण उचलला आणि युरोपची साखर हाडांच्या कोळशातून पांढरी होऊन बाहेर पडू लागली. हा कोळसा नेमकं काय करतो यावर पॅरिसच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेने १८२२ साली स्पर्धा ठेवली होती. पहिलं बक्षीस ब्युसीला मिळालं. दुसरं मिळालं पायेनला. ज्याच्या नावावरून बीअरची अफवा उठली तोच हा पायेन! त्याने बोललेलं तपासायला कोळसाच वापरला गेला, हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून एक चहा घेतला.

कोळसा धरतो म्हणजे काय? स्पंज पाणी पितो तसं हे नाही. द्रव्य आत मुरत नाही, पृष्ठभागाला चिकटतं. मराठीत त्याला अधिशोषण म्हणतात. शोषणाच्या मागे एक ‘अधि’ लावला की सगळा फरक पडतो. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या आत बारीक छिद्रांचा इतका पसारा असतो, की तो उलगडून पसरला तर हजारभर चौरस मीटर भरावा. चिकटायला जागाच जागा. साखर कारखानदाराला एवढं पुरतं. रंग कोळशात गेला, साखर पांढरी झाली, कोळसा भाजून पुन्हा वापरला. त्यात काय अडकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मोजणाऱ्याची गरज मात्र उलटी असते. त्याला कोळशाने धरलेलं सगळंच्या सगळं परत हवं असतं. आणि कोळसा हा आपल्या गल्लीतल्या त्या एका दुकानदारासारखा आहे, घेताना हसून घेतो, परत मागायला गेलं की तोंड फिरवतो. कोळशाची कीडनाशकांच्या विश्लेषणातली सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते.

ग्रॅहम-हॉफमन यांच्या अहवालानंतर ४८ वर्षांनी बीअरने खरंच माणसं मारली. १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या भागात सहा हजारांहून जास्त लोक आजारी पडले, सत्तरच्या आसपास मेले. हातपाय बधिर होत, कातडी काळी पडे. डॉक्टरांना आधी वाटलं की दारूमुळे होणारा नेहमीचा मज्जातंतूंचा विकार आहे. गरीब लोक पितात, त्यांना होतंय. मग अर्नेस्ट रेनॉल्ड्स या डॉक्टरने बीअर तपासली. त्यात आर्सेनिक होतं. बीअरसाठी जी साखर वापरली जात होती ती सल्फ्युरिक आम्लाने बनवलेली, आणि ते आम्ल आर्सेनिकयुक्त खनिजापासून केलेलं. आर्सेनिक शोधायची मार्श चाचणी १८३६ पासून उपलब्ध होती. बीअरमध्ये ते कुणी पाहत नव्हतं, एवढंच.

चौकशीसाठी लॉर्ड केल्विनच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्यातून १९०३ साली जी मर्यादा निघाली ती घन अन्नासाठी पौंडाला एक शतांश ग्रेन, म्हणजे आजच्या भाषेत किलोमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम. बीअरच्या बळींमधून निघालेला हा आकडा १९२५-२६ मध्ये अमेरिकेच्या सफरचंदांवर येऊन आदळला. तिथल्या बागांत लेड आर्सेनेट फवारलं जायचं. इंग्लंडमध्ये ती फळं खाऊन लोक आजारी पडले आणि ब्रिटिशांनी अमेरिकी सफरचंद रोखण्याची धमकी दिली. परदेशातून माल परत येण्याची भीती वाटल्यावर मगच बागायतदाराच्या देशात कीडनाशकाच्या अंशाकडे गांभीर्याने पाहिलं गेलं. हे वाक्य पुढे नाशिक-सांगलीला पुन्हा वापरावं लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि त्याची भावंडं आली. आर्सेनिक धातूसारखं मूलद्रव्य. ते जाळा, उकळा, शेवटी आर्सेनिकच राहतं. डीडीटी हा सेंद्रिय रेणू, आणि पाण्यात त्याचं प्रमाण इतकं कमी की बाटलीभर पाणी घेऊन काही हाती लागणं शक्य नव्हतं. इथे कोळसा पुन्हा बोलावला गेला. सिनसिनाटीत अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या प्रयोगशाळेत ब्राउस, मिडलटन आणि वॉल्टन यांनी १९५१ साली आपली पद्धत छापली. मनगटाहून जाड नळी कोळशाने भरायची आणि नदीचं पाणी तिच्यातून दिवसचे दिवस सोडत राहायचं. पुढे प्रमाण ठरलं ते सुमारे ५००० गॅलनचं, म्हणजे जवळपास १९,००० लिटर. आपल्याकडच्या दोन मोठ्या टँकरांइतकं पाणी एका नळीतून! मग कोळसा वाळवायचा, क्लोरोफॉर्मने धुवायचा, क्लोरोफॉर्म उडवायचा आणि खाली उरलेला चिकट अंश तोलायचा. या पद्धतीतून अमेरिकेच्या मोठ्या नद्यांत डीडीटी आणि इतर क्लोरिनयुक्त कीटकनाशकं आहेत हे समोर आलं. रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ चं. त्याच वर्षीच्या अमेरिकी पिण्याच्या पाण्याच्या मानकांत या ‘कोळसा-क्लोरोफॉर्म अर्का’वर लिटरला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आली.

तो आकडा कशाचा होता हे नीट पाहिलं तर जरा हसू येतं. तो कुठल्याही विषाचा नव्हता. कोळशाने धरलेल्यांपैकी क्लोरोफॉर्मने सोडवलेल्या सगळ्या ऐवजाचं ते वजन होतं. काही द्रव्यं कोळशाने धरलीच नाहीत, काही धरली पण सोडली नाहीत, काही कोळशाच्या पृष्ठभागावरच रासायनिक बदलून गेली. शिवाय दिवसचे दिवस नदीचं पाणी प्यायलेल्या कोळशात जिवाणूंनीही संसार थाटलेला असायचा. रिकव्हरी विचारली तर प्रत्येक द्रव्याचं उत्तर वेगळं. सत्तरच्या दशकात कृत्रिम रेझिन्स आणि नंतर सिलिकावर बसवलेली सी-१८ ची साखळी आली तेव्हा पाण्याच्या विश्लेषकांनी कोळशाला फारसा मागे वळून न पाहता रामराम केला. ती धरतात कमी, पण सोडतात मुकाट्याने.

दरम्यान जेम्स लव्हलॉकने १९५७ च्या सुमारास इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर नावाचं छोटंसं यंत्र केलं होतं. क्लोरिन असलेल्या रेणूंना ते इतकं जबरदस्त ओळखायचं, की टँकरभर पाण्याची गरजच संपत गेली. पण यंत्र जितकं तिखट, तितका नमुना स्वच्छ लागतो. पालकाचा अर्क तसाच आत सोडला तर हरितद्रव्य यंत्रात जाऊन बसतं. मग कोळशाला दुसरी नोकरी मिळाली, भाजीचा हिरवा रंग काढायची. म्हणजे पुन्हा लोविट्झचंच काम.

या नोकरीत सुधारलेला कोळसा आला. साधी काजळी निष्क्रिय वायूत २७०० ते ३००० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की तिच्यातले कार्बनचे अस्ताव्यस्त थर ग्राफाइटसारखे सपाट लागतात. छिद्रं जवळजवळ नाहीशी होतात, पृष्ठभाग गुळगुळीत आणि एकसारखा होतो. रोमच्या विद्यापीठात आंतोनिओ दि कोर्चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्राफाइटी काजळीने पाण्यातली तणनाशकं पकडण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिची आवड-निवड कळण्यासारखी होती, हा मोठा फायदा. तिला सपाट रेणू आवडतात. पोळीवर पोळी चवडीत जशी अंगाला अंग लावून बसते तसा सपाट रेणू ग्राफाइटच्या थरावर बसतो. गोळा किंवा वाकडातिकडा रेणू एकदोन ठिकाणी टेकतो आणि घरंगळतो. हरितद्रव्याचं डोकं म्हणजे मध्ये मॅग्नेशियम असलेलं एक मोठं सपाट कडं. काजळी ते झटकन उचलते आणि अर्क पाण्यासारखा दिसू लागतो.

पण थायाबेंडाझोलही सपाट आहे. ते फळं टिकवायला वापरलं जाणारं बुरशीनाशक. हेक्झाक्लोरोबेंझीन तर पत्र्याइतकं सपाट. काजळीला हरितद्रव्य कोणतं आणि विष कोणतं हे कळत नाही, आकार तेवढा कळतो. अर्क जितका स्वच्छ दिसतो, तितकी अशी काही कीडनाशकं त्यातून नाहीशी झालेली असण्याची शक्यता जास्त. टोल्युइन घातलं तर काजळीची पकड सैल होते आणि अडकलेली परत येतात, पण त्याबरोबर थोडी घाणही येते. किती काजळी घालायची आणि किती टोल्युइन, हे गणित प्रत्येक भाजीसाठी वेगळं बसवावं लागतं. माझ्या धंद्याच्या भाषेत, फिल्टर कडक केला की खोटे अलार्म कमी होतात आणि खरे हुकतात. फरक एवढाच की माझ्याकडे लॉग असतो.

२००३ साली या क्षेत्रात उलथापालथ करणारा एक लेख आला. मिशेलिस अनास्तासियादेस, स्टीव्हन लेहोटे आणि सहकाऱ्यांचा. पद्धतीचं नाव ‘क्वेचर्स’. दहा ग्रॅम फळाचा लगदा, दहा मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइल, चार ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, एक ग्रॅम मीठ. हलवा, फिरवा, वरचा थर घ्या, त्यात शोषकाची चिमूट टाका, पुन्हा फिरवा. दिवसभराचं काम अर्ध्या तासात आलं. हिरव्या भाज्यांसाठी त्या चिमटीत ग्राफाइटी काजळीही पडू लागली. एका नमुन्यातून शेकडो कीडनाशकं एकाच फेरीत दिसू लागली, आणि निर्यातीचे रिपोर्ट लांबलचक झाले. शंभर ओळी, शंभर वेळा ‘बीएलक्यू’. वाचणाऱ्याला वाटतं, सगळं पाहिलं.

त्याच २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि अ‍ॅसिफेट सापडलं आणि आपल्याकडे खडबडून जाग आली. अमेरिकी सफरचंदांचीच गोष्ट, ७८ वर्षांनी. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रयोगशाळेला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचं काम मिळालं, बागांची नोंदणी सुरू झाली आणि निर्यातीआधी प्रत्येक बागेचा नमुना तपासण्याची व्यवस्था उभी राहिली. कौशिक बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी द्राक्षांसाठी एथिल अ‍ॅसिटेट वापरणारी स्वतःची पद्धत २००७ साली प्रसिद्ध केली. ही सगळी यंत्रणा बऱ्यापैकी चांगली होती, आहे. सरकारी काम म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ती जवळून पाहावी.

आणि तरी २०१० आलं. युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची शेंडेवाढ रोखायला, घड जास्त सुटावेत म्हणून खरड छाटणीनंतर फवारायचं संजीवक. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर बंदरांत अडकले, व्यापाऱ्यांनी पैसे थांबवले.

माझा मामा तासगावकडचा. मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टीला गेलो तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण. ज्याला माल दिला होता तो निर्यातदार फोन उचलत नव्हता. मामी चुलीपुढे बसून गप्प. मामाने रिपोर्टाची घडी करून ती पंचांगात ठेवली होती, येईल त्याला काढून दाखवायचा. “हे बघ, वाच की तू, इंग्रजी येतंय न्हवं तुला? हितनं तितनं समदं नॉट डिटेक्टेड. मग हे कुठनं आलं?” मला इंग्रजी येत होतं. उत्तर येत नव्हतं.

उत्तर आज देता येतं. निर्यातीच्या तपासणीत जी यादी होती तिच्यात सीसीसी नव्हतं. आणि यादीत नाव असतं तरी त्या पद्धतीने ते दिसलं नसतं, हे अधिक महत्त्वाचं. क्लोरमेक्वॅट हा कायम धनभारित रेणू. त्याला पाणी सोडवत नाही. एथिल अ‍ॅसिटेट असो की मिठाने वेगळं केलेलं अ‍ॅसिटोनायट्राइल, तो वरच्या थरात चढतच नाही. खाली पाण्यात राहतो आणि आपण खालचा थर टाकून देतो. म्हणजे ३२ मिलिग्रॅम मुद्दाम घालून पाहिलं असतं तरी परत मिळालं असतं ते शून्याच्या जवळपास. मामाच्या कागदावरची एकही ओळ खोटी नव्हती. ज्या ओळीची गरज होती तीच नव्हती.

अशा रेणूंसाठी आम्ल घातलेल्या मेथॅनॉलने वेगळा अर्क काढावा लागतो. ‘क्वेचर्स’वाल्या अनास्तासियादेस यांनीच नंतर जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या प्रयोगशाळेत ही दुसरी पद्धत बांधली, तिचं नाव ‘क्वुप्पे’. स्वतःच्या गाजलेल्या पद्धतीतून काय निसटतं याची यादी करून त्यासाठी वेगळा रस्ता बांधणारा माणूस मला आवडतो. सीसीसी आज वेगळं तपासलं जातं. आपल्या मंडईत किलोभर द्राक्षं घेताना मात्र अजूनही कुणी रिपोर्ट मागत नाही आणि कुणी दाखवत नाही.

नॅनोट्यूब आणि ग्राफिनबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ‘कार्बन आणि कीडनाशक’ म्हटलं की आजकाल पहिले तेच समोर येतात. २००३ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी नॅनोट्यूब शोषक म्हणून वापरून दाखवल्या आणि त्यानंतर लेखांचा महापूर आला. चुंबकीय ग्राफिन, ग्राफिनचा स्पंज, कवटीच्या कोळशापासून काय काय. यातलं बरंच काम प्रामाणिक आहे, पण एक खोड सगळीकडे दिसते. स्वच्छ पाण्यात किंवा बाजारातून आणलेल्या सफरचंदाच्या रसात कीडनाशक घालायचं, अर्ध्या तासात परत काढायचं आणि ९५ टक्के लिहायचं. बागेत तीन आठवड्यांपूर्वी फवारलेलं, उन्हापावसातून सालीच्या मेणात मुरलेलं औषध इतकं सहज परत येत नाही. नित्याच्या तपासणीत म्हणूनच अजून जुनी काजळीच जास्त दिसते. नवा कार्बन धरतो उत्तमच. आणि धरणं ही कधीच अडचण नव्हती.

एका कार्बनने मात्र रोजच्या कामात पक्की जागा मिळवली, आणि तो बनवायची रीत ऐकण्यासारखी आहे. एडिनबरोच्या जॉन नॉक्स यांनी सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात हे काम केलं. सिलिकाचे सच्छिद्र बारीक गोळे घ्यायचे. त्यांच्या छिद्रांत फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडचं राळेसारखं मिश्रण भरायचं. तापवून त्याचा कोळसा करायचा. मग अल्कलीत टाकून सिलिका विरघळवून टाकायची. गणपतीचा साचा काढून घ्यावा तसा साचा जातो आणि कार्बनची जाळी उरते. ती पुन्हा दोन हजार अंशांच्या वर तापवायची, म्हणजे थर ग्राफाइटसारखे लागतात. छिद्रंही आहेत, पृष्ठभागही सपाट आणि एकसारखा. १९८८ पासून हा कार्बन ‘हायपरकार्ब’ नावाने कॉलममध्ये भरून विकला जातो. ग्लायफोसेटसारखी पाण्याला चिकटून राहणारी, बाकी कॉलममधून सुळकन निघून जाणारी द्रव्यं तो थोडा वेळ धरून ठेवतो आणि सोडतो. ‘क्वुप्पे’च्या सूचनांत ग्लायफोसेट आणि त्याच्या जातभाईंसाठी तोच कॉलम सांगितला आहे.

फक्त नवा कॉलम लावला की त्याच दिवशी मोजायला बसायचं नाही. कोऱ्या कार्बनच्या अंगावर काही जागा अशा असतात की पहिले आलेले रेणू त्या गिळूनच टाकतात, परत देत नाहीत. म्हणून त्या आधी भराव्या लागतात. प्रयोगशाळेत पालकाचा लगदा करतात, मेथॅनॉलने अर्क काढतात आणि तो त्या कॉलमला पुन्हा पुन्हा, दहा-पंधरा वेळा पाजतात. मग माहीत असलेल्या प्रमाणाचं ग्लायफोसेट सोडून बघतात किती परत येतं. नाही आलं तर आणखी पालक.